जास्वंदीची वीज

मला स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा म्हणतो, भिंगरी कसली, पायाखाली निखारे आहेत. दोघांचंही खरं असेल. पण पीएचडीच्या शेवटच्या वर्षी मी जशी तडफडले तशी उभ्या आयुष्यात तडफडले नव्हते, आणि तेही एका फुलापायी.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बरोबरच्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागून ते जुनंही झालं, माझं घोडं मात्र कुठे पेंड खात होतं कोण जाणे. विषय मीच हौसेने निवडला होता: फुलापानांच्या रंगापासून सौरऊर्जा. ऐकायला फार छान वाटतं. कुणाच्या घरी गेलं की यजमान कौतुकाने विचारतात, म्हणजे झाडावर दिवे लागणार का हो? मग मी त्यांच्या चहाच्या बशीवर बोटाने दोन काचा रेखून दाखवते आणि चहा गार होतो.

करायचं असतं ते एवढंच. विशिष्ट प्रकारच्या काचेच्या तुकड्यावर पांढऱ्या पावडरीचा पातळ लेप द्यायचा, तो भट्टीत भाजायचा आणि रात्रभर रंगाच्या द्रावणात बुडवून ठेवायचा. रंग त्या लेपाला धरून बसतो. वर काजळी धरलेली दुसरी काच ठेवायची, दोन्हींच्या मध्ये आयोडीनचा एक थेंब सोडायचा आणि कडांना चिमटे लावायचे, की झाला सेल. ऊन पडलं की तो रंग ऊन पितो आणि तारेतून चिमूटभर वीज वाहते. या कामासाठी प्रयोगशाळांमध्ये महागडे कृत्रिम रंग वापरतात. माझं म्हणणं होतं, उन्हावर जगायचं काम पान रोज फुकटात करतंच आहे, मग माझ्या काचेवर का नाही करणार?

नाही करत, असं उत्तर मला चार वर्षं मिळत होतं. पालकाने पहिल्याच दिवशी मान टाकली. लाल माठ दोन दिवस टिकला. मायाळूची जांभळी फळं ठेचताना माझा पांढरा कोट कायमचा गेला आणि मीटरवरचा विजेचा आकडा जिथल्या तिथेच राहिला. कोकमाच्या वेळी घाईघाईत सासूबाईंनी गावाहून पाठवलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली उचलून नेली. आगळात मीठ असतं हे अख्ख्या कोकणाला ठाऊक आहे, मी तेवढी विसरले. तो काचेचा संच शेवटी फेकून द्यावा लागला.

मग उरली जास्वंद, आणि जास्वंद म्हणजे आई.

माझं माहेर वसईजवळ सांडोरला. बाबांची केळीची आणि भाजीची वाडी आहे, आणि वाडीच्या कडेने आईची जास्वंद. ती झाडं तिची. बाबांनी त्यांना हात लावलेला तिला खपत नाही. पहाटे उठून ती मिटलेल्या कळ्या खुडते आणि केळीच्या पानात बांधून बाजाराला पाठवते. कुणाच्या तरी देवावर वाहायच्या वेळेला त्या बरोबर उमलतात. मंगळवारी आणि चतुर्थीला तिला बोलायलाही फुरसत नसते. बोळिंजच्या माझ्या घरून मी स्कूटीवर निर्मळच्या रस्त्याने यायचे, वाडीच्या फाटकातच तिच्या हातून कळ्यांचा पुडा घ्यायचे आणि आल्या पावली कॉलेजकडे पळायचे. “बस तरी गो दोन मिन्टं,” ती म्हणायची. मी कधी बसले नाही.

जास्वंदीने बरं काम केलं. पालकापेक्षा बरं, माठापेक्षा बरं. पण प्रबंध उभा राहावा इतकं बरं नाही. मुदतवाढ दोनदा मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. पावसाळ्याच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे चार वर्षं पाण्यात. हे मी घरी सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की नवरा माझ्याआधी वाक्य पूर्ण करायचा.

जानेवारीत समितीपुढे सादरीकरण होतं. त्याच्या आदल्या दिवशी आईने नेहमीचा पुडा न देता स्टीलचा डबा दिला. कळ्या उमलवून, देठ काढून, पाकळ्या वेगळ्या करून ठेवल्या होत्या. “तुझा येल वाचंल म्हनून,” ती म्हणाली. मला भरून आलं, पण तसं म्हणायला थांबले नाही. प्रयोगशाळेत जाऊन पाकळ्या अल्कोहोलमध्ये टाकल्या, तर द्रावण काय सुरेख उतरलं! नेहमीच्या मळकट लालसर रंगाऐवजी झगझगीत गुलाबी. मला वाटलं, हाताने निवडलेल्या ताज्या पाकळ्यांचा हा गुण. दुसऱ्या दिवशी उन्हासारख्या प्रखर दिव्याखाली सेल ठेवला आणि आकडा चढत चढत नेहमीच्या तिपटीवर जाऊन थांबला.

माझे मार्गदर्शक सर कमी बोलतात. त्या दिवशी ते खुर्चीतून उठून मीटरजवळ आले. “छान,” ते म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. मग लगेच, “आता हे पुन्हा दाखवा. दहा वेळा नको, एकदा. एकदा दाखवलंत की प्रबंधावर सही करतो.”

मी तिथूनच आईला फोन केला आणि ओरडून सांगितलं, तुझ्या जास्वंदीने कमाल केली. तिने ते वाडीत सांगितलं, शेजारी सांगितलं, बाजारात फुलं नेणाऱ्या बाईला सांगितलं. आठवड्याभरात सांडोरमध्ये माझी जास्वंद दिवे पेटवू लागली होती. मीही काही कमी केलं नाही. त्या एका आकड्यावर अख्खं प्रकरण रचलं. जास्वंदीची ही जात इतकी गुणी का, वसईची माती, समुद्राजवळची हवा, काय काय लिहिलं! आज ती पानं वाचली की कानशिलं तापतात.

आणि मग तो आकडा पुन्हा येईना.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी पहाटेच्या कळ्या घेतल्या, दुपारच्या घेतल्या, पूर्ण उमललेली फुलं घेतली. लेप जाड केला, पातळ केला. भट्टीचं तापमान बदललं. नव्या काचा आणल्या. आकडा दरवेळी आपल्या जुन्या पायरीवर येऊन बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. माझं जेवणात लक्ष लागेना. वर्गात फळ्यावर एक गणित लिहिता लिहिता दुसरंच लिहायला लागले, मुलींनी हसून दाखवून दिलं तेव्हा कळलं. एका रविवारी नवऱ्याने जबरदस्तीने राजोडीच्या किनाऱ्यावर नेलं. सगळं जग भेळ खात वाळूत पसरलं होतं आणि मी डोक्यावरच्या उन्हाकडे बघून चिडत होते, की एवढं ऊन वाया चाललंय आणि माझा सेल बंद कपाटात पडलाय. अर्ध्या तासात मी त्याला उठवलं. तो चपला झटकून चालायला लागला.

सगळा राग निघाला तो आईवर. रोज फाटकात उभी राहून तिची उलटतपासणी घ्यायचे. त्या दिवशीच्या पाकळ्या कुठल्या झाडाच्या होत्या? खत कधी घातलं होतंस? फवारणी केली होती का? पाण्याने धुतल्या होत्यास?

“नाय गो.”

“नीट आठव. त्यात काही घातलं होतंस का? काहीही?”

“काय घालनार? फूल ते फूल. पानी पन नाय मारलं.”

ती खरं बोलत होती. खोटं बोलणं तिला जमतच नाही, बाजारातसुद्धा नाही. म्हणून तर मी वेड्यासारखी तिच्या एकेका झाडावर चिठ्ठी बांधून प्रत्येक झाडाचा वेगळा प्रयोग करत सुटले. बाबा केळीतून डोकावून बघायचे आणि पुन्हा आत जायचे.

एप्रिलच्या मध्यावर सरांनी निरोप दिला, शुक्रवारी या, जे आहे ते दाखवा, मग ठरवू. म्हणजे शेवटची संधी. बुधवारी सकाळी मी सांडोरला जरा लवकरच पोचले. फाटकात आई नव्हती. आत गेले. देवघराच्या दारातून मला तिची पाठ दिसली. समोर देवीचा टाक, निरांजन, आणि पाटावर तोच स्टीलचा डबा उघडा ठेवलेला. आईने देवीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मग त्याच बोटांनी डब्यातल्या पाकळ्यांवर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू सोडलं. थोडं पुटपुटली आणि डबा हलवून झाकण लावलं.

आमच्याकडे नवी वही देवापुढे ठेवतात. नवी कात्री ठेवतात, बाबांचा फवारणीचा पंप ठेवला होता, माझी स्कूटीसुद्धा घरी आणण्याआधी चाकांना कुंकू लावून घेतली होती. मोठ्या कामाची वस्तू तशीच कोरडी कशी द्यायची? जानेवारीत मोठं काम होतं, तेव्हा तिने केलं. मधल्या रोजच्या पुड्यांना एवढ्या सोपस्कारांची गरज नव्हती. आता शुक्रवारी पुन्हा मोठं काम होतं.

“आई, हे काय केलंस?”

ती दचकून वळली. “काय केलं?”

“हे कुंकू. तेव्हाही टाकलं होतंस?”

“मग? अशीच देऊ?”

“मी तुला शंभर वेळा विचारलं, त्यात काही घातलंस का!”

“देवीम्होरं ठेवली गो. त्यात घातलं काय?” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

मी डबा उचलून स्वयंपाकघरात गेले. एका वाटीत डब्यातल्या पाकळ्या, दुसरीत झाडावरून खुडून आणलेल्या, दोन्हींवर गरम पाणी. मग दोन्हींत चिमूट चिमूट खायचा सोडा. जास्वंदीचा रंग सोड्यात टिकत नाही, निळा-हिरवा होतो. ही गंमत मी दर वर्षी पोरांना दाखवते आणि पोरं टाळ्या वाजवतात. झाडाच्या फुलाचं पाणी हिरवट पडलं. डब्यातलं गुलाबी राहिलं ते राहिलंच. वाटी खिडकीतल्या उन्हात धरली तर कडेला नारिंगी झाक चमकली. फूल असं कधी चमकत नाही. हे बाजारी कुंकवातल्या कृत्रिम रंगाचं काम. माझी गुणी जात, वसईची माती, समुद्राची हवा, सगळं त्या कुंकवाच्या चिमटीत होतं. ज्या कृत्रिम रंगाला टाळायचं म्हणून मी चार वर्षं घालवली, त्याचाच भाऊबंद चोरपावलांनी येऊन माझा आकडा चढवून गेला होता.

मी आईला काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. लाज वाटते. चार वर्षं मातीत घातलीस, हे नक्की म्हटलं. अडाणीपणा हाही शब्द होता. बाबा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आईने दोन्ही वाट्या उचलल्या, मोरीत ओतल्या, घासल्या, पालथ्या घातल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला काय ठाव, तुझ्या काचेला देव चालत नाय.”

डबा मी फेकून देणार होते. फेकला नाही. प्रयोगशाळेत घेऊन गेले. जाताना रस्ताभर मनाशी हिशेब चालला होता, आणि तो काही देखणा नव्हता. सरांना आकडा एकदाच बघायचा आहे. तो आणायची युक्ती आता माझ्या डिकीत आहे. बाहेरचा परीक्षक आईच्या देवघरात थोडाच येणार? शिवाय कुंकू फुलावरच तर होतं, मी कुठे बाटलीतून ओतलं? अशा वकिलीत माझं डोकं फार चालतं. मी त्याच पाकळ्यांचं द्रावण केलं, त्यातच काच बुडवली आणि घरी आले. दोन दिवस ओट्यावरचं पातेलं उचलून पुन्हा ओट्यावरच ठेवत होते. मी शुक्रवारी काय करणार आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सरांसमोर चिमटे लावले, दिवा लावला. आकडा चढला. नेहमीची पायरी ओलांडली, दुप्पट झाला, आणि जानेवारीतल्या जागी जाऊन उभा राहिला. सरांनी एकदा मीटर बघितला, एकदा माझी वही, आणि खिशातून पेन काढलं. प्रबंधाच्या आराखड्याची प्रत टेबलावरच होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी वहीवर हात ठेवला.

“सर, यात कुंकू आहे,” मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, देवघरासकट, सोड्यासकट. बोलायला लागले की मी थांबत नाही, तशी तेव्हाही थांबले नाही. शेवटचं वाक्य संपेपर्यंत सरांनी दिवा बंद केला होता.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“बुधवारी.”

“आणि हा सेल?”

“बुधवारीच केला. कळल्यानंतर.”

 मी मान खाली घातली. सरांनी पेनाला टोपण लावलं. “नुसत्या फुलाचं जे येतं ते लिहा. ते प्रकरण काढा आणि नवं लिहा. मुदतीत झालं तर बघू.” त्यांनी शाबासकी दिली नाही. मला ती हवी होती, हे कबूल करते.

आता प्रश्न होता फुलांचा. सगळे प्रयोग पुन्हा करायचे म्हणजे पुन्हा आईच्याच दारात जायचं. शनिवारी गेले. फाटकात ती उभी होती, हातात नेहमीसारखा केळीच्या पानाचा पुडा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने घाईघाईने सांगायला सुरुवात केली. हात साबणाने धुतलेत. पुडा देवघराकडे नेलाही नाही. पूजासुद्धा मागे ठेवलीय, कुंकवाचा हात लागेल म्हणून. आधी तुझी फुलं, मग देव.

माझ्या आठवणीत आईने पूजेआधी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. आणि आता तीन-चार आठवडे ती माझ्या काचेसाठी देवीला थांबवून ठेवणार होती. मला रडू आलं आणि मी ते हेल्मेटमध्ये लपवलं. माफी तशीच राहिली.

प्रबंध मुदतीच्या शेवटच्या दिवशी गेला. जाडीला निम्मा झाला होता. त्यातला जास्वंदीचा आकडा इतका साधा होता की टंकलेखकानेही मान वर केली नाही. पदवी मिळाली का, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मिळाली. परीक्षकाने विचारलं, एवढ्याशा विजेचं करायचं काय? मी म्हटलं, सर, फुलाची तेवढीच आहे. त्यांनी खाली काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

पण त्या तोंडी परीक्षेच्या दिवशीची सकाळ मला परीक्षेपेक्षा जास्त आठवते. नवी साडी नेसून मी सांडोरला गेले. परीक्षकांना दाखवायला ताज्या कळ्या न्यायच्या होत्या. आईने पुडा दिला, हातावर दही दिलं, बाबांनी “नीट जा” म्हटलं. मी उंबऱ्याशी थांबले. शाळेच्या पहिल्या दिवसापासून लग्नापर्यंत, कुठल्याही मोठ्या कामाला निघताना आई इथेच माझ्या कपाळाला कुंकू लावत आली आहे. त्या दिवशी ती दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभी होती. हात पदराखाली.

“कुंकू लाव ना,” मी म्हटलं.

“नको.”

“का?”

“आज तुझ्या कामाचा दिस. हाताला लागंल, हातावरनं फुलाला लागंल. मग पुन्हा बोलशील.” हे ती रागाने म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती काळजीने म्हणाली. माझ्या कामाला तिचा विटाळ होऊ नये, अशा काळजीने.

मी फुलांचा पुडा बाबांच्या हातात दिला. देवघरात जाऊन करंडा घेऊन आले, कपाळावरची टिकली काढून दाराला चिकटवली, आणि पदराखालून तिचा हात ओढून बाहेर काढला. धुऊन धुऊन बोटांची टोकं सुरकुतली होती. मी तिचं बोट करंड्यात बुडवलं. ती हात मागे घेत होती.

“आणि त्यांनी नापास केलं तर?” तिने विचारलं.

“करू दे,” मी म्हटलं, आणि तिच्यापुढे वाकले.